सातची कडी

रेणुकादास सरांच्या क्लासची कडी सकाळी सातच्या ठोक्याला आतून लागायची. बाहेर साहेबाचं पोर असो की सालगड्याचं, ती निघत नसे. लातुरात मेडिकलच्या तयारीचे क्लास गल्लोगल्ली उगवले होते, पण केमिस्ट्री शिकावी ती रेणुकादास सरांकडेच, असा लौकिक होता. चाकूरहून ते रोज स्वतःची कार चालवत यायचे, काचा वर करून. स्टँडवर ताटकळलेली गावचीच पोरं त्यांना दिसत. पण ती ताटकळलेली का, हा प्रश्न काही पडत नसे. हुशार माणसाला सगळंच कळतं असं थोडंच आहे!

कडीचं कारण मात्र जुनं होतं. त्र्याण्णव साली सर औसा तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. अनंत चतुर्दशीला कामासाठी लातूरला आले, मिरवणुकीच्या गर्दीत अडकले आणि गावाकडची शेवटची एसटी पाच मिनिटांनी चुकली. नवरा-बायको एरवी अंगणात झोपत. एकटीला बाहेर भीती वाटते म्हणून बायको लता त्या रात्री घरात झोपली. पहाटे भूकंप झाला. सर पोचले तेव्हा घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. त्यानंतर ते एसटीत बसले नाहीत, आणि उशीर त्यांनी कुणालाच माफ केला नाही, स्वतःला तर नाहीच.

एकवीस वर्षांनी डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. कार विकून सर पहाटेच्या पहिल्या एसटीत चढले. गाडीतली क्लासची पोरं चिडीचूप झाली, एकाने उठून जागा दिली. गाडी वेळेवर सुटली, पण रस्ताभर थांबत राहिली. कुठे दुधाचे कॅन चढले. कुठे कुणी शेताकडच्या पांदीतून हात हलवत पळत आलं. एका फाट्यावर म्हाताऱ्या धुरपताबाईंसाठी कंडक्टर खाली उतरला, हाताला धरून त्यांना वर घेतलं. कुणी कुरकुर केली नाही. लातूरला सात वाजून बारा मिनिटं झाली होती.

क्लासच्या दारात सरांच्या मागे अकरा पोरं उभी राहिली. मदतनीस मास्तरांनी आतून कडी लावली होती. सरांची शिस्तच तशी होती ना! पोरं सवयीने भिंतीला टेकून बसली, एकाने तर वहीसुद्धा उघडली. सरांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

त्यांना धम्मप्रिया आठवली. मुखेडकडच्या निवृत्ती कांबळेंची लेक, चाकूरला मावशीकडे राहून शिकणारी. वर्गात पहिली. महिन्यात पाचदा बाहेर राहिली आणि मग यायचीच बंद झाली. सरांनी तेव्हा हजेरीतून तिचं नाव खोडलं होतं.

आठवड्याने ती त्याच गाडीत भेटली. लातूरच्या एका औषधाच्या दुकानात कामाला लागली होती. सर तिच्या शेजारी बसले.

"धम्मप्रिया, उद्यापासून क्लासला ये. मी पुन्हा पहिल्यापासून शिकवतो."

"आता न्हाई जमायचं सर. बाबा थकलेत, घर माझ्यावर हाय."

"तू एकदा तरी सांगायचं होतंस गं, गाडी उशिरा पोचते म्हणून."

कंडक्टर आला, तिने आपला पास दाखवला.

सरांना राहवलं नाही. एकवीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते ओठांवर आलं. "पोरी, मलाही एकदा उशीर झाला होता..."

"ठाव हाय सर," ती हळूच म्हणाली. "साऱ्या चाकूरला ठाव हाय. म्हणून तर आमच्यापैकी कुणी कधी तुम्हाला बोललं न्हाई."

तिचा थांबा आला. ती वाकून सरांच्या पाया पडली आणि उतरून दुकानाकडे चालू लागली.