हैबतरावाचा डबा आणि कोंडाजीची सावली

आमच्या गावात पत्र्याखाली राहायला गेलेला पहिला माणूस म्हणजे हैबतराव. पौडाच्या अलीकडं, रस्त्याला लागून त्याचा माळ, आणि त्या माळावर चौपन्न सालापासून एक चाकांचा डबा उभा. डबा म्हटलेलं त्याला खपायचं नाही. तो ‘क्यारव्हान’ म्हणायचा, आणि आपण नीट म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. लढाई संपल्यावर पलटणीचं सामान लिलावात निघायचं, त्यातून त्यानं हे खडकीहून उचललं होतं. दोन चाकं, एक दार, दोन खिडक्या, छताला एक झाकण. साहेबलोक म्हणे मोटारीमागं जोडून त्यातून सहलीला जायचे. आमच्याकडं तो पिरंगुटाच्या चढावरून माझ्या बैलांनी ओढून आणला. बैल महिनाभर माझ्याकडं रागानं बघत होते.

मी कुशाबा, त्याचा शेजारी. हैबतराव मेल्यावर सगळे त्याला देवमाणूस म्हणाले. मी नाही म्हणालो. चांगला होता, पण मूर्ख होता, आणि असल्या मूर्खाच्या पायी बायकामाणसं भाजून निघतात. तेवढं सांगून टाकतो.

हैबतराव खडकीच्या डेपोत कामाला होता. गावात सांगायचा, मी डायवर आहे. चौपन्न सालीच त्याच्या एकुलत्या एका पोरीचं, रत्नाचं, लग्न ठरत होतं. जवळच्या चांदे गावची पाहुणेमंडळी ओसरीवर बसलेली. त्यांच्यासमोर थोरला भाऊ कोंडाजी सहज बोलून गेला, “आमचा हैबती साहेबाच्या गाड्या धुतो.” आता खरं तेच होतं. पण खरं बोलायची ती जागा नव्हती, आणि कोंडाजीला जागा कधीच कळली नाही. लग्न जमलं, भावाभावांचं मोडलं. हैबतरावानं त्याच संध्याकाळी खंडोबापुढं बेलभंडारा उचलला आणि म्हणाला, “ह्या कोंडाजीच्या सावलीला उभा ऱ्हानार न्हाई.”

रागात आपण सगळेच असं म्हणतो. अर्थ एवढाच, की तुझं तोंड बघणार नाही. पण आमच्याकडं बेलभंडारा उचलून बोललेलं शब्दावर चालतं. जेवढं बोललास तेवढ्याला बांधला गेलास, मनात काय होतं ते देव विचारत नाही. त्यात बहिरू गुरवाला दुसरा उद्योग नव्हता. तो म्हणाला, सावली म्हणजे सावली. घराची, गोठ्याची, झाडाची, जी काय कोंडाजीची असंल ती. लगेच वाटणी झाली. घर आणि बांधापलीकडचं आंब्याचं वावर कोंडाजीला, उघडा माळ हैबतरावाला. माळावर सावली द्यायला एक बाभूळसुद्धा नव्हती, म्हणजे शपथ पाळायला जागा अगदी सोयीची.

बरं, माळावर गवताचं छप्पर घालावं की नाही? चार दिवसांचं काम. पण छपरात गडीमाणसं राहतात. कोंडाजीच्या कौलांपुढं छप्पर घातलं तर गाव काय म्हणेल? म्हणून साहेबाचा डबा. आणि डब्याचं दार रस्त्याकडं, कारण एस. टी.तल्या लोकांना दिसलं पाहिजे की आत पितळी कडीचं कपाट आहे. वारा कुठून येतो ते बघायची गरज त्याला वाटली नाही.

त्या डब्यात साळूबाई, त्याची बायको, चार उन्हाळे राहिली. हैबतराव पहाटे डेपोला जायचा, अंधार पडताना यायचा, त्याला डब्यातलं ऊन रविवारपुरतंच ठाऊक होतं. ती दुपारी डब्याखाली, दोन चाकांच्या मधे, गोणपाट टाकून पडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “सायबाच्या बंगल्याला तळघर हाय.” चेहऱ्यावर रेष हलायची नाही.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात रत्ना पहिल्या बाळंतपणाला आली. दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात वाद नाही. तिची सासू गोजराबाई तिला बैलगाडीतून घेऊन आली. डब्याच्या पत्र्यावर तिनं हात टेकला आणि झटक्यानं मागं घेतला.

“हितं बाळंत व्हनार माझी सून?” ती म्हणाली.

“क्यारव्हान हाय, विहीणबाई,” हैबतराव म्हणाला. रविवार होता, म्हणून घरी होता.

“असंल. भाकरी भाजायला बरी हाय.”

गोजराबाई फटकळ होती, पण न्यायाची होती. तिनं शिदोरीतून लोण्याचा गोळा काढला, वाटीत ठेवला आणि साळूबाईच्या हातात दिला. म्हणाली, “आठ दिसांनी भर दुपारी येते. त्या दुपारला ह्या डब्यात लोन्याचा गोळा गोळाच ऱ्हायला, तर सून ठिवते. पानी झालं, तर माघारी चांद्याला नेते. मग लोक काय बोलायचं ते बोलू द्या.”

लोक काय बोलणार ते आम्हाला ठाऊक होतं. बापाला पोरीचं एक बाळंतपण झेपलं नाही. हैबतरावाचा चेहरा पडला. रत्ना दाराशी उभी होती. ती बापाला हळूच म्हणाली, “आण्णा, मला हितंच ऱ्हायचंय.” तेवढ्यावर त्यानं आठ दिवसांची रजा टाकली. त्याचं पोरीवर फार प्रेम होतं, ते मी नाकारत नाही.

पण प्रेमाला अक्कल असतेच असं नाही. दुसऱ्या दिवशी तो खडकीहून एक पेट्रोलचं इंजिन घेऊन आला. छताच्या झाकणात लोखंडी पंखा बसवला, इंजिन चाकाशेजारी ठेवलं, मधे पट्टा. गाव जमलं. इंजिन सुरू झालं आणि माळावरचे कावळे उठले ते पौडाला जाऊन बसले असतील. आत वारा होता, खोटं का बोला. पण तो वारा पेट्रोलच्या वासाचा होता, आणि डबा असा थरथरायचा की रत्नाच्या हातातलं ताकाचं भांडं हिंदकळून लुगड्यावर सांडलं. साळूबाई हातवाऱ्यांनी बोलू लागली. तिकडं बांधापलीकडं कोंडाजीच्या म्हशीनं पान्हा चोरला. त्याचं मात्र हैबतरावाला बरंच समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी सुईण आली, तुळजाबाई. निम्म्या गावाला तिनंच जगात आणलेलं, त्यामुळं ती कुणाला मान देत नसे. तिनं कानावर पदर दाबून सगळं बघितलं आणि इंजिन बंद करायला लावलं.

“बाई कन्हती कशी, त्यावर मला कळतं पोर कुटवर आलंय ते,” ती म्हणाली. “ह्या भोंग्यात मला काय ऐकू येनार? येक तर मी, न्हाईतर हे.”

“मग गारवा कसा आनायचा?” हैबतराव म्हणाला.

“साळूला इचार. चार वरसं ती राहतीया आत.”

हे त्याला खरोखर सुचलं नव्हतं. साळूबाईनं उत्तर द्यायला क्षणभरसुद्धा घेतला नाही, म्हणजे चार वर्षं तयारच होतं. “आदी डबा फिरवा,” ती म्हणाली. “दुपारचा वारा घाटाकडनं येतो आन् आपलं दार बगतंय येष्टीकडं.” मी बैल आणले, डबा फिरवला. एक खिडकी घाटाकडं, दुसरी तिच्या समोर. पंखा काढून छताचं झाकण मोकळं केलं, आतली वाफ वर निघून जायला. छतावर चुन्याचे दोन हात दिले आणि वर भाताचा पेंढा हातभर रचला. वाऱ्याच्या खिडकीला गोणपाट टांगलं आणि ते ओलं ठेवायला विहिरीवरून कळशा सुरू झाल्या. चूल बाहेर काढली. आवाज कशाचाच नाही, फक्त गोणपाटातून पाणी ठिबकायचं. साहेबाचा डबा आता गोठ्यासारखा दिसू लागला. हैबतराव रस्त्याकडं पाठ करून उभा राहायचा, एस. टी.तलं कुणी ओळखू नये म्हणून.

लोणी रोज ठेवून बघत होते. इंजिनाच्या दिवशी त्याचं तेल झालं होतं. डबा फिरवल्यावर निम्मं. पेंढा आणि गोणपाटानंतर सकाळभर गोळा राहायचा, पण दुपार डोक्यावर आली की खचायचा आणि कडेनं पाणी सुटायचं. सातव्या दिवशीही खचला. उद्या गोजराबाई येणार.

साळूबाई वाटीकडं बघत म्हणाली, “आता सावलीच पायजे.”

“सावली कुटंय?” हैबतराव म्हणाला. आणि आंब्याकडं न बघता बघितलं. बांधापलीकडं कोंडाजीचा आंबा, घाटाच्या वाऱ्यात, खाली चार बैलगाड्या उभ्या राहतील एवढी गडद सावली. सगळ्या गावाला दिसत होतं. बोललं कुणी नाही, मीही नाही. आम्ही पुरुषमंडळी शपथेला फार जपतो, विशेषतः दुसऱ्याच्या.

आठव्या दिवशी सकाळी तो पौडाला गेला, मोठी ताडपत्री मिळते का बघायला. त्याची पाठ वळली तशी साळूबाई माझ्या दारात आली.

“कुशा भावजी, बैल जुपा.”

“वैनी, शपथ हाय त्याची.”

“त्यांची हाय. म्या भंडारा उचलला न्हाई, रत्नीनं न्हाई, आन् डब्यानं तर न्हाईच न्हाई.”

मी बैल जुंपले. बांध एके जागी खणून वाट केली आणि डबा आंब्याखाली नेऊन उभा केला. कोंडाजी गोठ्याच्या दारातून बघत होता. तो पुढं आला, चाकाखाली दोन दगड सारले आणि रत्नाला म्हणाला, “चढ बाय, आत जा, बस गार.” चार वर्षांत चुलता-पुतणीचं तेवढंच बोलणं झालं.

गोजराबाई ऐन दुपारी आली. गोळ्यात बोट खुपसलं. बोटाचा खड्डा पडला तसाच राहिला. “ठिवते सून,” ती म्हणाली, आणि खाली बसून ते लोणी भाकरीला लावून खाल्लं.

हैबतराव ताडपत्रीशिवाय परतला तर माळ रिकामा. बांधापर्यंत आला आणि तिथंच थांबला. सावलीच्या कडेला, एक वीत सोडून, उन्हात धोंड्यावर बसला. सावली सरकली की तोही सरकायचा. दिवस मावळल्यावर सावली कुणाचीच नाही, तेव्हा दारापाशी जाऊन पोरीला विचारायचा, बरी हायेस ना? रजा संपली तरी कामावर गेला नाही. दुपारी जाता-येता लोक थट्टा करायचे, “हैबतराव, पापड वाळत घातलेत का?” मीही एकदा विचारलं. आता त्याचं वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी सकाळी रत्नाला कळा सुरू झाल्या. तुळजाबाई आत, दार लोटलेलं. एवढं शांत होतं की बाहेर आम्हाला तिचं कण्हणं ऐकू येत होतं. हैबतराव उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला, कडेला, डोक्यावर वैशाखाचं ऊन. पाणी दिलं ते घेतलं नाही. कोंडाजी आंब्याच्या खोडाशी होता. दोघांत दहा पावलं अंतर. कोंडाजी दोनदा “ये की रं” म्हणाला. हैबतरावानं मान हलवली. डोळे लाल झाले होते आणि ओठ पांढरे.

ऐन बाराला आतून पोर रडलं. तुळजाबाईनं दार उघडून सांगितलं, “पोरगी झाली. रत्नी बरी हाय.” हैबतराव हसला, आणि होता तिथंच कोसळला.

कोंडाजी धावला. वय झालेलं होतं, पण धावला. त्यानं बगलेत हात घातले, मी पाय धरले, आणि आम्ही त्याला आंब्याखाली आणून टाकला. कोंडाजीनं कांदा फोडून नाकाला लावला, डोक्यावर पाणी ओतलं, आणि “हैबती, हैबती” करत लहान पोरासारखा रडत होता. बऱ्याच वेळानं हैबतरावानं डोळे उघडले. वर आंब्याची पानं दिसली तसा दचकला. मग आपले हातपाय चाचपले आणि बारीक आवाजात म्हणाला, “दादा, मी हुबा हाय का?”

“न्हाई,” कोंडाजी म्हणाला. “आडवा हायेस.”

“मी हुबा ऱ्हानार न्हाई म्हनलो हुतो.”

“व्हय. तेवडंच म्हनला हुतास.”

“मग मोडली न्हाई.”

“न्हाई मोडली.”

बहिरू गुरव बघ्यांत होता. त्यालाही मान डोलवावी लागली. तुळजाबाईनं पोर फडक्यात गुंडाळून आणलं आणि सोयर-सुतक न बघता त्याच्या छातीवर ठेवलं. हैबतरावाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं. कोंडाजी शेजारी बसला होता. सगळे खूश होते, जो तो म्हणत होता, बघा, खंडोबानं कशी वाट काढली.

साळूबाई डब्याच्या दारात उभी होती. चार उन्हाळ्यांनी तिच्या हातांची कातडी पोपडे सुटलेल्या भिंतीसारखी झालेली. ती नवऱ्याकडं बघत राहिली.

“आडवं पडलं तर चालतं का,” ती म्हणाली, “हे चार वरसांमागं एकदा मला तरी इचारायचं हुतं.”

हैबतरावानं मान पोरीच्या फडक्याकडं वळवली, आणि साळूबाई रिकामी कळशी उचलून विहिरीकडं गेली. गोणपाट वाळत आलं होतं.