धुराड्यावरची गवंडीण

जुन्या इमारतींची दुरुस्ती हा माझा व्यवसाय. पुण्यात हे सांगितलं की समोरचा लगेच त्याच्या आजोबांच्या वाड्याविषयी बोलायला लागतो. त्या वर्षी मात्र माझ्याकडे आलं ते एका शाळेचं धुराडं.

शाळा कॅम्पाच्या बाजूला आहे. इमारत इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाचा बंगला म्हणून बांधलेली. खालच्या मोठ्या खोलीत शेकोटीचा कोनाडा आहे आणि त्याच्या वरून, भिंतीच्या पोटातून, कौलांच्या बाहेर निघणारं विटांचं चौकोनी धुराडं. आता त्या खोलीत सहावीचा वर्ग भरतो. कोनाडा फळ्या ठोकून कधीच बंद केलेला. दर पावसाळ्यात त्या भिंतीला ओल यायची आणि रंगाचे पोपडे मागच्या बाकावरच्या मुलांच्या वह्यांवर पडायचे.

मुख्याध्यापिका शनिवार पेठेत राहणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "शेकोटी पेटवणारे साहेब गेले, आता बराच काळ झाला. हे पाडा आणि वर पत्रा घाला."

"पाडायला मी कशाला हवी? ते कुणीही करेल," मी म्हणाले.

"कुणीही केलेलं काम वर आहेच. ते बघून या, मग बोलू."

मी कौलांवर चढून बघितलं. आधी कुणीतरी विटांमधले सांधे सिमेंटने भरले होते. जुन्या विटा मऊ असतात. त्यांच्यामधला चुना आत शिरलेलं पाणी हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट ते अडवून ठेवतं. त्यामुळे सांधे शाबूत आणि विटांचीच तोंडं सोलून निघालेली. धुराड्याच्या वरच्या तोंडावर खताचं पोतं पसरून त्यावर सिमेंट ओतलं होतं. म्हणजे पाणी भिंतीतून शिरत होतं आणि वारा कुठूनच नाही.

खाली येऊन मी हे सगळं मुख्याध्यापिकांना सांगितलं. सिमेंट काढून चुन्याने सांधे भरू, वरचं तोंड उघडून त्यावर छत्रीसारखी फरशी बसवू, असं म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली तर पत्रा घालायचा. आणि वार्षिक परीक्षेआधी ठोकाठोकी बंद."

दिवाळीनंतर धुराड्याभोवती लोखंडी पाइपांची आणि फळ्यांची परांची बांधली. माझ्याबरोबर नेहमीचे मिस्त्री होते. सोलापूरकडचे, पन्नाशी ओलांडलेले. बोलणं मोजकं आणि हाताला घाई नाही. त्यांची बायको त्यांच्याच हाताखाली बिगारी म्हणून राबायची. विटांची भुकटी चाळायची, चुना कालवायची, घमेलं दोरीने वर चढवायची. दोघं स्वारगेटच्या मागे भाड्याच्या खोलीत राहायची आणि सकाळी एकाच डब्यात दोघांच्या भाकरी घेऊन यायची.

पहिले काही आठवडे सुरळीत गेले. मिस्त्रींनी बारीक छिन्नीने सिमेंट काढलं. अगदी वरचे थर सुटे झाले होते. ते उतरवून, बंगल्याच्या मागच्या, पडक्या स्वयंपाकघराच्या विटा वापरून पुन्हा रचले. तोंडावर फरशीही बसली. आता चारही बाजूंचे सांधे भरायचे राहिले होते.

एके दिवशी मी खालून बघत होते. वर चढताना मिस्त्री मधल्या फळीवर थांबले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पाइप धरला. बराच वेळ ते हललेच नाहीत. मी हाक मारली.

"उन्हाचं हाय, मॅडम," ते म्हणाले.

हिवाळ्यातली सकाळ होती. ऊन अजून कौलांवरही आलं नव्हतं. मी त्यांच्या बायकोकडे बघितलं. ती चुना कालवायचं थांबली होती.

ते खाली आल्यावर मी सरळ विचारलं. मिस्त्री मान खाली घालून थापी पुसत राहिले. उत्तर बायकोने दिलं. "कूस बदलली की घर फिरतंय म्हणतात. दिवाळीपासनं चाललंय."

"तू गप," मिस्त्री म्हणाले.

"कशाला गप? वरनं पडलात म्हणजे मग बोलू का?"

त्यांना भीती होती ती काम जाण्याची. उंचीवर चालत नाही अशी एकदा बोलवा झाली की गवंड्याला कोण विचारतो, असं ते मला म्हणाले. मला तेव्हा त्यांच्या कामापेक्षा त्यांचे पाइप धरलेले हातच दिसत होते. त्याच संध्याकाळी दोघांना सदाशिव पेठेत, आमच्या गल्लीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मिस्त्रींना कॉटवर बसवून एकदम आडवं केलं, मान वळवली आणि डोळ्यांत बघितलं. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे सरकले की असं गरगरतं, असं समजावून सांगितलं. मानेचे व्यायाम शिकवले. बरं होईल म्हणाले, पण निदान हा हंगाम परांचीवर पाय ठेवायचा नाही.

बाहेर पडल्यावर मिस्त्री हसले. "एवढंसं खडं," म्हणाले. आणि रिक्षेला हात करायला पुढे झाले.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या गवंड्यांना फोन लावत बसले. चुन्याचं काम येणारे थोडे, आणि होते ते दुसरीकडे अडकलेले. तेवढ्यात मिस्त्रींची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, मी चढते."

"सांधे कधी भरलेत तुम्ही?"

"जमिनीवर भरलेत. ह्यांचं पाणी प्यायचं, तंबाखूचं व्हायचं, तवर थापी माझ्याच हातात असती."

मिस्त्रींना ते मुळीच पसंत नव्हतं. "बाईमाणूस वर चढून गवंडीकाम करतंय, कुणी बघितलंय का?" असं ते दोनदा म्हणाले. शेवटी मी सांगितलं की आधी कुंपणाच्या भिंतीवर भरून दाखवा, मग ठरवू. तिने हातभर जागेतले सांधे भरले. बरे होते, फार छान नव्हते. पण मी सांगितलेलं ती ऐकत होती आणि चढायला घाबरत नव्हती. तिच्या कमरेला पट्टा बांधून तो वर घट्ट अडकवला आणि मी तिच्याबरोबर चढले.

तिची पहिली बाजू बिघडली. घाईने सांधा भरभरून चुना घातला आणि पुसताना तो विटांच्या तोंडांवर पसरला. लाल विटा पिठात घोळवल्यासारख्या दिसायला लागल्या. मी सगळं काढायला सांगितलं. खालून मिस्त्री ओरडले, "म्हटलं नव्हतं?" तिने छिन्नीने सगळं खरवडून काढलं. त्या दिवशी दुपारी दोघांनी डबा उघडला, पण ती पायरीवर बसली आणि ते झाडाखाली.

असे काही दिवस गेले. ती वर, ते खाली, आणि मध्ये नुसती दोरी वर-खाली होत होती. मला वाटायला लागलं होतं की काम होईल, पण ह्या दोघांचं काही खरं नाही.

मग एकदा ती वरून म्हणाली, "माल लय ढिला आलाय. सांध्यात ठरत न्हाई."

मिस्त्रींनी घमेल्यातला चुना बोटांवर घेतला, दाबला, परत टाकला. त्यात भुकटी घालून पुन्हा मळला आणि वर पाठवला. "आता बघ. आधी वीट भिजव. थापी आडवी धर, तिरकी नको."

"आता ठरतंय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ते खालून सांगायला लागले आणि ती वरून विचारायला लागली. मान वर करून बघितलं की त्यांना भोवळ यायची, म्हणून ते लांब, मैदानाच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून हातवारे करायचे. शाळेतल्या मुलांना ते पंचच वाटले. भरलेल्या सांध्यांवर ती ओली पोती टाकायची, म्हणजे चुना सावकाश सुकतो. शेवटची बाजू तिने भरली तेव्हा मला तिला काहीच सांगावं लागलं नाही.

परीक्षेआधी काम संपलं. कोनाड्याच्या फळ्या काढल्या, आतली जुनी घाण उपसली. शाळेच्या पाण्याचा पाइप वर नेऊन धुराड्यावर बराच वेळ पाणी सोडलं. खालची भिंत कोरडी राहिली. तरी मुख्याध्यापिकांचं समाधान झालं नाही. "हवा खेळते कशावरून?" त्यांनी विचारलं. मग शिपायाला पाठवून धुपाटणं आणवलं आणि स्वतः खाली बसून ते कोनाड्यात ठेवलं. धूर आधी खोलीत घुटमळला. आम्ही सगळे खोकलो. मग तो एकदम आत ओढला गेला आणि वर निघून गेला. वरून मिस्त्रींच्या बायकोचा आवाज आला, "आला, आला. नाकात गेला."

मुख्याध्यापिका गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "ह्या खोलीत दुपारी मुलं पेंगतात ती माझ्या गणितामुळे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं," त्या म्हणाल्या. मग अंगणात जाऊन, परांचीवरून उतरलेल्या मिस्त्रींच्या बायकोला म्हणाल्या, "अहो, आपण पुढच्या वर्षी आमच्या मागच्या भिंतीचंही बघा." 'आपण' ऐकून ती गोंधळली आणि नवऱ्याकडे बघायला लागली. मिस्त्री म्हणाले, "तुलाच इचारतायत. सांग की."

ती म्हणाली, "बघू. हातातलं काम बघून सांगते." हे तिने कुठे ऐकलं असेल ते मला माहीत होतं. मिस्त्री हेच उत्तर देतात, सगळ्यांना.

मिस्त्रींची भोवळ पुढच्या काही महिन्यांत थांबली. ते पुन्हा चढू शकतात, पण फारसे चढत नाहीत. चुना भिजवणं, मळणं, विटा निवडणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे आणि इतर गवंडीही आता त्यांच्याकडून चुना नेतात. बायको गवंडी म्हणून येते. गेल्या महिन्यात खडकीजवळच्या एका बंगल्यावर तिच्याबरोबर अजून दोघी होत्या. तिच्या गावाकडच्या, आजवर फक्त घमेली वाहिलेल्या. मी पोचले तेव्हा ती त्यांना बुटक्या भिंतीपुढे बसवून थापी कशी धरायची ते दाखवत होती. एकीने भरलेला सांधा मी वाकून बघितला आणि काही बोलणार, तेवढ्यात मिस्त्रींची बायको म्हणाली, "थांबा ताई, तिचं तिला दिसू द्या."

मी थांबले. त्या मुलीने सांध्याकडे बघितलं, थोडा चुना खरवडून काढला आणि पुन्हा भरायला घेतला.