उभ्या पिकात मेंढरं

माझा हात लागला की कुंडीतली तुळससुद्धा मान टाकते, हे माझ्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत असतात. सिडकोतल्या आमच्या गॅलरीत त्याचे पुरावे ओळीनं मांडलेले आहेत. अशा बाईच्या गळ्यात शाळेची परसबाग पडली. कारण एवढंच, की त्या दिवशी मी मीटिंगला दहा मिनिटं उशिरा पोचले, आणि हजर नसलेल्या माणसाच्या नावावर काम लावायची आमच्या शाळेची जुनी रीत आहे.

शाळा शेंद्र्याच्या एमआयडीसीपुढं, एका लहान गावात. निम्म्या पोरांचे बाप कंपनीत जातात, निम्म्यांचे रानात, आणि काहींचे सकाळी कंपनीत अन् दुपारून रानात. शाळेमागं मोकळी जागा होती. तिथं सेंद्रिय भाजी पिकवायची आणि दुपारच्या खिचडीत घालायची, असा बेत ठरला. मुख्याध्यापक सरांना मात्र तिथं पेव्हर ब्लॉक हवे होते. कुठलीशी कंपनी फुकट बसवून देणार होती. "चिखल नाही, गवत नाही, साप नाही," सर डोळे मिटून म्हणायचे. शेवटी त्यांनी निकाल दिला, "पंचायत समितीच्या मॅडम बाग बघायला येणार आहेत. त्यांनी चांगली म्हटलं तर बाग. नाहीतर ब्लॉक."

"बघाच सर," मी ताडकन म्हणाले. भाजीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण हरायला मुळीच आवडत नाही.

सहावी-सातवीची पोरं कामाला लागली. दोघादोघांत एक वाफा. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, काठानं गवार. सातवीतली एक मुलगी मेंढपाळाच्या घरची होती. आधी ती आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत दिसायची, बाकीचे दिवस मेंढरांमागं. बाग सुरू झाली आणि ती रोज यायला लागली, तीही घंटेच्या आधी. घरी म्हणायची, "मी नाय गेले तर माझा वाफा सुकंल." बापाला हे कारण पटायचं. शाळा बुडंल, असं म्हटलं असतं तर पटलं नसतं, हे तिला बरोबर ठाऊक होतं. म्हणजे ब्लॉक बसले असते, तर त्यांच्याखाली तिची सातवीही गेली असती. हे मला कळत होतं, म्हणून मी जास्तच चेव आल्यासारखी करत होते.

सेंद्रिय म्हणजे जीवामृत आलं. निळ्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, बांधावरची मूठभर माती, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन कालवायचं, रोज काठीनं ढवळायचं. गूळ-बेसन मी स्वतः घरून आणलं आणि पोरांच्या ताब्यात दिलं. इथंच मी पहिली माती खाल्ली. पोरांनी गूळ खाल्ला.

मला शंका यायला हवी होती. ढवळायच्या पाळीवर जायला वर्गात मारामारी व्हायची. गणिताला फळ्यापाशी न येणारी पोरं शेणाच्या ड्रमकडं पळत सुटायची आणि परत आली की विचारलेल्या प्रश्नाला नुसती मान हलवायची. त्याच आठवड्यात एकाच्या डब्यात कांद्याची भजी निघाली. त्यानं मोठ्या आदरानं मला दोन दिली. मी म्हणाले, "वा, आईला सांग, बेसन झकास आहे." सगळा वर्ग खाली मान घालून हसत होता. मला वाटलं, पोरं लाजतायत.

ड्रमला फेस येईना, आंबूस वास येईना. मेथी पिवळी पडली. अधिकारी मॅडमना यायला आठवडा राहिला आणि माझा धीर सुटला. कुठल्याशा व्हिडिओत मी ऐकलं होतं, की मेंढ्यांच्या खतासारखं खत नाही. आमच्याकडं शेतकरी मेंढपाळाला बोलावून रानात मेंढरं बसवतात, त्यांच्या लेंड्या-मुतानं जमीन खतावते, हेही माहीत होतं. मग घोडं कुठं अडलं? मी त्या मुलीला म्हणाले, "शनिवारी शाळा सुटल्यावर तुमच्या थोड्या मेंढ्या आण. तासभर बसवू."

ती म्हणाली, "मॅडम, रान रिकामं झाल्यावर बसवतेत मेंढरं. उभ्या पिकात बसवीत नसतेत."

"उभ्या पिकात कोण बसवतंय? मागच्या रिकाम्या पट्ट्यात बसवू. मध्ये दोरी बांधू."

"मेंढराला दोरी कळत नाय, मॅडम."

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले. शाळेत सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं हे वाक्य असेल.

बाकीच्या पोरांपैकी एकानंही मला अडवलं नाही. का नाही, ते पुढं कळलं. पिवळी मेथी मेंढरांनी खाल्ली, तर गुळाची चौकशी होणार नव्हती. दोरीच्या उड्यांच्या सगळ्या दोऱ्या मागं-पुढं पळत त्यांनीच आणून दिल्या. एवढी आज्ञाधारक मी त्यांना कधी पाहिली नव्हती.

शनिवारी अकराला पंचवीस-तीस मेंढ्या आल्या. दोरीपाशी आल्या, दोरी हुंगली आणि खालून आत शिरल्या. मी ओढणी फडकावत "हट्, हट्" करत पळत होते. ती मुलगी ओरडत होती, "मॅडम, पळू नगा, त्या अजून आत जातेत!" मी काही ऐकलं नाही. चहा निवायच्या आत मेथी, पालक, कोथिंबीर साफ. वांग्यांची नुसती खोडं उरली. एक मेंढी तर माझी हजेरीची वहीही चघळायला निघाली होती.

आता माणसानं खरं सांगून मोकळं व्हावं. मी काय केलं? मॅडम येणार त्या मंगळवारी सकाळी वाटेत चिकलठाण्यात उतरून मेथीच्या जुड्या आणि वांगी घेतली. जुड्या सोडून काड्या-काड्या वाफ्यात खोचल्या. वांगी हिरव्या दोऱ्यानं खोडांना बांधली. कार्यानुभवाच्या तासाला पोरांनी इतकं मन लावून काम कधीच केलं नव्हतं. ती मुलगी तेवढी बाजूला उभी राहून बघत होती.

अधिकारी मॅडम दुपारी आल्या. सिल्लोडकडच्या शेतकऱ्याघरच्या निघाल्या, हे माझं नशीब. दोन वाफे त्या नुसत्या बघत गेल्या. मग एका वांग्यापाशी वाकल्या. "या झाडाला इकडं काटेरी वांगं आणि तिकडं भरताचं?" त्यांनी भरताचं वांगं हलकेच ओढलं. दोऱ्यासकट हातात आलं. पानं नसलेल्या खोडाकडं बघून त्या म्हणाल्या, "हे मेंढरांनी खाल्लेलं आहे. कुणी आणली होती इथं?"

सर माझ्याकडं बघायला लागले. पोरं जमिनीकडं बघायला लागली. तेवढ्यात ती मुलगी पुढं झाली. "मेंढरं माझी होती. माझ्या हातून सुटली."

"घ्या," सर म्हणाले, "म्हणून मी म्हणत होतो, ब्लॉक..."

मी किती वेळ गप्प होते, ते सांगायला लाज वाटते. पाच-सात सेकंद असतील, पण होते. त्या सेकंदांत मला मनापासून बरंही वाटलं, आणि त्याचीच आजवर जास्त लाज वाटते. मग मी म्हणाले, "मेंढ्या मी आणायला लावल्या. वांगीही मीच बांधली."

"उभ्या पिकात मेंढरं बसवत नाहीत, हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"माहीत होतं. हिनं सांगितलं होतं."

"मग?"

"ही सातवीत आहे ना," मी म्हणाले. यापेक्षा शहाणं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "गूळ आम्ही खाल्ला." दुसरा म्हणाला, "आन् बेसनाची भजी झाली." तिसऱ्यानं खुलासा केला, "दोन मॅडमनी खाल्ली." मग मात्र अधिकारी मॅडम वांगं हातात धरून हसत सुटल्या. सरही हसले, पण उशिरा.

"दीड महिन्यानं येते," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला दोरा दिसायला नको."

त्या गेल्यावर ती मुलगी मला हळूच म्हणाली, "मॅडम, आता मेंढरं बसवू. आता रान रिकामं हाय."

या वेळी हुकूम तिचा होता. खोडांना बोरीच्या काट्यांचं कुंपण तिनंच घालून घेतलं. मी दोरी धरायला होते, तीही तिनं जिथं सांगितलं तिथं. मेंढरं दोन शनिवार बसली. मग पोरांनी माती खालीवर केली, पाणी दिलं, तिनं सांगितल्यावरच मेथी पेरली. गूळही पुन्हा आणला, एक किलो जास्तीचा, उघड उघड पोटासाठी. तरी ड्रममध्ये कमीच पडला असावा. दीड महिन्यानं अधिकारी मॅडम आल्या तेव्हा मेथी गच्च होती आणि वांग्यांना नवी पालवी फुटून फुलं लागली होती. पेव्हर ब्लॉक सरांच्या ऑफिससमोर बसले. ती मुलगी आता आठवीत आहे आणि अजून घंटेच्या आधी येते.

सातवीच्या शेवटी तिनं मला सुक्या लेंड्यांची एक पिशवी दिली होती. "तुमच्या तुळशीला. एकच मूठ घाला, मॅडम. जास्त नाय." घरी नवी तुळस होती, मूठ माझी लहान. मी तीन घातल्या.

पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, "तुळस कशी हाय?"

"वाळली," मी म्हणाले.

"किती घातल्या?"

"एक."

दुसऱ्या खेपेच्या गुळाबद्दल विचारल्यावर पोरं सांगायची, "ड्रममध्ये घातला, मॅडम." तेव्हा मी त्यांच्याकडं जसं बघायचे, अगदी तसंच तिनं माझ्याकडं बघितलं.