टायमरवाल्या गाडीचा अलार्म

गल्लीत त्याला सगळे फ्यूज म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा हे एक कारण, आणि डोकं फटकन उडायचं हे खरं कारण. गिऱ्हाइकानं "जरा लवकर करा" म्हटलं, की हातातली पकड खाली ठेवून हा म्हणायचा, "मग तुम्हीच करा ना!" तरी माणसं त्याच्याकडेच येत. थोरला भाऊ गेला आणि हा फ्यूज उडायचाच थांबला. रडला नाही, चिडला नाही, नुसता मान खाली घालून काम करत राहिला.

भावाची टर्बो गाडी आता वहिनी चालवायची. तिच्यातूनच नोकरीला जायची. त्या गाडीला भावानं मोठ्या हौसेनं टायमर बसवून घेतला होता. किल्ली काढली तरी इंजिन थोडा वेळ चालू राहायचं, तापलेला टर्बो, म्हणजे इंजिनाला जोर देणारा पंखा, जरा निवला की आपोआप बंद व्हायचं. एकदा ऑफिसबाहेर कुणीतरी त्या गाडीचं दार उचकटायला बघितलं, तेव्हा वहिनी फ्यूजला म्हणाली, "भाऊजी, अलार्म बसवून द्या."

"देतो की. टायमर मात्र काढावा लागेल. साधा अलार्म इंजिन चालू दिसलं की चोर आलाय म्हणून बोंबलतो."

"टायमर नाही काढायचा."

"अहो वहिनी, तुम्ही काय शर्यतीत पळवताय का गाडी? कशाला हवाय तो?"

"काढायचा नाही म्हटलं ना!"

वहिनीचा चढलेला आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला. दादाची आठवण असेल, राहू दे, असं मनाशी म्हणून त्यानं विषय सोडला.

मग सुरू झाली पायपीट. एक अलार्म इंजिन बंद होईपर्यंत लागायलाच, म्हणजे पहाऱ्याला बसायलाच, तयार नाही. तोवर गाडी काय चोराच्या बापाची? दुसरा लागायचा, पण लागल्या लागल्या इंजिनच बंद पाडायचा. दुकानदार वैतागून म्हणाला, "टायमर फेकून दे रे बाबा!" शेवटी एक मनासारखा मिळाला. टायमर चालू असला तरी न कुरकुरता लागणारा, शिवाय गाडीच्या आत जरा हालचाल झाली की बोंब ठोकणारा. त्यानं एक एक वायर जीव लावून जोडली. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. चला, दादासाठी काहीतरी केलं.

"किल्ली काढली की रिमोटचं बटण दाबायचं. इंजिन चालू असू दे, काळजी नको," त्यानं वहिनीला समजावलं. गाडीतून उतरून मग दाबायचं, हे वेगळं सांगावं लागतं असं कुणाला वाटेल?

संध्याकाळी दारात गाडी थांबली आणि सायरन असा कोकलला की अख्खी गल्ली बाहेर आली. "चोर! चोर!" तो धावला. गाडीत वहिनी होती. दारं आतून बंद, चेहरा रडून सुजलेला, आणि हातात रिमोट. तिला ते बंदच करता येईना. त्यानं खुणेनं दार उघडायला लावून सायरन थांबवला. उंबऱ्यात आई, आईच्या मागे दादाची दोन्ही पोरं. शेजारीपाजारी टकामका बघत होते. इंजिन तेवढं घुरघुरत होतं, मग तेही बंद पडलं.

सगळ्यांचं मिळून घर दोन खोल्यांचं. आईसमोर रडावं तर आई कोलमडणार, पोरांसमोर रडावं तर पोरं घाबरणार. म्हणून वहिनी रोज इंजिन चालू असेपर्यंत गाडीत रडून घ्यायची. आवाज घरात जायचा नाही, इंजिन निवतंय म्हटलं की उशिराचं कारणही कुणी विचारायचं नाही. फ्यूजच्या टाळक्यात हे सगळं तेव्हा शिरलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळी त्यानं हालचाल टिपणारा आतला सेन्सर काढून टाकला. "वहिनी, आता नाही वाजणार. तुम्ही खुशाल..."

"बरं," वहिनी म्हणाली.

त्या संध्याकाळी तो लवकर घरी येऊन खिडकीशी उभा राहिला. गाडी आली. वहिनीनं किल्ली काढली, लगेच उतरली, बटण दाबलं आणि भाजीची पिशवी घेऊन हसतमुखानं आत आली. "चला रे, दप्तरं आवरा!" बाहेर रिकाम्या गाडीत इंजिन चालूच होतं. त्याला एकदम हुंदका फुटला. दादा गेल्यावर न आलेलं सगळं रडू एकदमच आलं, आवरता आवरेना.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन जवळ आली, आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, आईंसमोर नको."