‘दिवस कसा गेला?’

“आमच्या घराची अब्रू रेडिओवर नेऊन टांगलीत,” आई म्हणत होती, “आणि वर विचारता चहा कुठाय.”

“नाव घेतलं का मी?” सेंगा चटईवर पाय पसरून बसली होती. “मसाकाकडची एक सून, एवढंच म्हणाले.”

“मसाकाकडची. शिवणयंत्र चालवणारी. सासू चर्चच्या महिला मंडळात. आणखी काय राहिलं, दाराचा रंग?”

“तो त्यांनी विचारला नाही.”

मी चुलीकडे तोंड फिरवलं. हसले असते तर दोघींनी मिळून मलाच धरलं असतं.

सेंगा म्हणजे माझ्या वहिनीची, नकायिझाची, सख्खी आत्या. मुलीला सासरी कसं वागायचं ते आत्याने शिकवायचं, आणि मुलगी चुकली की बोलणीही आत्यानेच खायची. नकायिझा चुकत होती ती एकाच बाबतीत. मोठ्या माणसांपुढे गुडघे टेकून विचारपूस करणं, सकाळी ‘रात्र कशी गेली’ आणि दुपारनंतर ‘दिवस कसा गेला’, हे तिने सोडलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा मी तिच्याहून लहान असूनही माझ्यापुढेसुद्धा टेकायची. मग हळूहळू उभ्यानेच पुटपुटायला लागली. कधी टेकलीच तर उठायची नाही, तशीच बसून राहायची. आईला वाटायचं, ही आपली थट्टा करतेय. त्यातून तिची डावी पापणी अर्धी मिटलेली असायची, बोलणं नाकातून यायचं. समोरच्याला तुच्छ लेखणारी बाई नेमकी अशीच दिसते.

दवाखाने झाले नाहीत असं नाही. आमच्याकडे दवाखान्यात पहाटे रांग लावतात, त्यामुळे सकाळीच नंबर लागायचा, आणि सकाळी नकायिझा चांगली टवटवीत असायची. एकाने चष्मा दिला, एकाने शक्तीच्या गोळ्या. एकाने मलेरिया म्हणून क्विनाइन दिलं, तर तिला पाणीसुद्धा गिळता येईना. शेवटच्याने माझ्या भावाला, कासिर्येला, बाजूला घेऊन विचारलं, घरात काही त्रास आहे का. त्यावर आई महिनाभर त्या डॉक्टरच्या नावाने बोटं मोडत होती.

शेवटी तिने सेंगाला निरोप धाडला, तुमची मुलगी पुन्हा शिकवून जा. सेंगा वैतागली. रेडिओवर संसाराचे सल्ले देणारी एक बाई आहे, अर्धा देश ऐकतो तिला. सेंगाने तिलाच फोन लावला.

“मग काय म्हणाली तुमची ती रेडिओवाली?” आईने चहा आदळला.

“म्हणाली, सवय मोडलीय, रोज जास्त वेळा टेकायला लावा.”

“बघा.”

“पुढचं ऐका की. कार्यक्रम संपल्यावर जिंजाच्या एका बाईने रेडिओवाल्यांकडून माझा नंबर घेतला. म्हणाली, तुमची मुलगी गर्विष्ठ नाही, आजारी आहे. माझी बहीण अशीच होती. पापणी खाली, चावताना जबडा थकायचा, हसली तर चिडल्यासारखी दिसायची. तिलाही नवऱ्याकडच्यांनी आखडू ठरवलं होतं. कंपालात डॉक्टर नाम्बूसी म्हणून आहेत, त्यांनी ओळखलं. आता ती बहीण स्वतः रताळी लावते.”

बाहेरच्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं. नकायिझा दारात आली. एका हाताने पापणी वर धरली होती.

“जबडा थकायचा म्हणाली? असंच म्हणाली?”

“असंच.”

“मला तिथे न्या.”

“मी येणार,” आई म्हणाली. “डॉक्टरला खरं सांगायला कोणीतरी हवं.”

अशा रीतीने आम्ही चौघीजणी टॅक्सीच्या मागच्या बाकावर दाटीवाटीने बसून कंपालाला गेलो. नकायिझाची धडपड पहिला नंबर लावायची. ती म्हणत होती, सकाळी मला नीट बोलता येतं. पण तिथल्या नर्सने तिच्या डोळ्याकडे पाहिलं आणि कागद गठ्ठ्याच्या तळाशी घातला.

“आम्ही लवकर आलोय,” आई म्हणाली.

“दिसतंय, आई. पण थकणाऱ्या पापण्यांना डॉक्टर शेवटी बोलावतात.”

“हे काय नवीन?”

नर्सने पुढचा कागद घेतला. आम्ही उकडलेली अंडी खाल्ली, भुईमूग खाल्ले. सेंगा आणि आई एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळे ‘नागिता, त्यांना सांग’ असं सगळं माझ्यामार्फत चाललं होतं. नकायिझा मीठसुद्धा मागू शकेना इतकी तिची जीभ जड झाली, तेव्हा आत बोलावणं आलं.

डॉक्टर नाम्बूसी आईच्या वयाच्या. पांढरे केस बारीक कापलेले, पायात रबरी चपला. नकायिझाने त्यांना पाहिलं आणि सवयीने खाली गुडघे टेकले. “दिवस कसा गेला?” तिने विचारलं, ते निम्मंच ऐकू आलं. मग तिने उठायचा प्रयत्न केला. हात जमिनीला लावले, पुन्हा खाली बसली.

आई धावली. तिची सगळी तक्रार तोंडात तयार होती, पण हात मात्र सुनेच्या काखेत गेले.

“थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला उचलू नका.” आणि त्या खुर्चीवरून उतरून नकायिझासमोर जमिनीवर बसल्या. “मला सांग, ‘रात्र कशी गेली’ म्हणतेस तेव्हा उठता येतं?”

नकायिझाने विचार केला. “येतं.”

“आणि ‘दिवस कसा गेला’ म्हणतेस तेव्हा?”

“नाही.” तिचे डोळे भरून आले. “हे कोणी विचारलंच नव्हतं.”

“सकाळी टेकते ती,” आई हळूच म्हणाली. “खरंय. सकाळी टेकते. मला वाटायचं, सकाळी कासिर्ये घरात असतो म्हणून.”

 

डॉक्टरांनी बर्फ आणवला, हातमोज्यात भरून तिच्या मिटल्या पापणीवर धरला. थोड्या वेळाने काढला, तर डोळा उघडा. पाणावलेला, लाल, पण पूर्ण उघडा. माझ्या वहिनीचे दोन्ही डोळे सारखे असतात हे मी विसरूनच गेले होते.

“रक्त तपासायचं, छातीचा फोटोही काढायचा,” त्या म्हणाल्या, “पण मला फारशी शंका नाही. याला मायस्थेनिया म्हणतात. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून येतो, स्नायू तो पुरता घेत नाही. वापरलं की थकतं, विसावा दिला की परत येतं. मुळासकट जाईल असं वचन देत नाही. गोळ्यांनी जगता येतं, चांगलं जगता येतं. माझ्याकडे तुझ्यासारखी बरीच माणसं आहेत, एकजण तर शाळा चालवते. आणि क्विनाइन पुन्हा कधी घ्यायचं नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलीस तरी आधी आजाराचं नाव सांगायचं.”

नकायिझाने ते नाव म्हणून पाहिलं. जिभेवर बसेना. पुन्हा म्हटलं. मग ती हसली, आणि हसू खरोखरच चिडल्यासारखं दिसलं, पण आता आम्हा सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं.

परतीच्या टॅक्सीत तिने पहिली गोळी घेतली होती. वाटेतलं लुकाया गाव येईपर्यंत तीच बोलत राहिली, आम्हाला बोलू देईना. खिडकीतून काडीवरचं भाजलेलं मांस घेतलं आणि चावून, पुरतं चावून, खाल्लं. आई तिच्या जबड्याकडे बघत होती, जसं लहान मुलाला भरवताना बघतात.

“आणखी घे,” आई म्हणाली.

“तुम्हीच घ्या,” सेंगा म्हणाली, “दिवसभर अंड्यावर आहात.” दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं थेट बोलणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई केळ्यांचा घड घेऊन आली आणि नेहमीसारखा सुनेपुढे ठेवला. त्या दिवशी लवकर घरी आलेला कासिर्ये दारात पेपर वाचत होता. रोज रात्रीच्या जेवणाची मटोके, म्हणजे हिरवी केळी, सोलणं, पानात बांधणं, वाफवणं, कुस्करणं, सगळं नकायिझाकडे होतं, आणि सगळं तिचे हात गळायच्या वेळेला.

तिने घड उचलून कासिर्येच्या पायाशी नेऊन ठेवला. सुरीही ठेवली.

“हे काय?” तो म्हणाला.

“सकाळचं सगळं माझं,” नकायिझा म्हणाली. “दुपारनंतर मी चुलीपाशी येणार नाही. केळी तुम्ही सोलायची, बांधायची नागिताने, वाफवायचं आईंनी.”