अनुसयामावशीची पांढरी साडी

वैशाखी पौर्णिमेला घोटावड्याच्या विहारात सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या आणि त्यांच्यात एकटी अनुसयामावशी निळी होती. गर्द नव्हे, पण निळी म्हणजे निळीच. मी खिरीची वाटी घेऊन तिच्याजवळ गेलो आणि नेहमीचा चावटपणा केला.

"काय मावशी, सगळ्यांत उठून दिसायचं हुतं व्हय?"

"का रं? काय झालं?"

"निळी साडी नेसलाय न्हवं."

तिनं पदर हातात धरून पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. "डोळं फुटलं का तुझं, कैलास? पांढरी हाय ही. कालच धुऊन नीळ दिलीया."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी मोठ्यानं हसलो. ती हसली नाही. खिरीचा घास तोंडात असतानाच मी वाटी खाली ठेवली.

कारण ही बाई पिरंगुटच्या आमच्या दागिन्यांच्या कारखान्यात रंगीत खडे निवडते. निवडते आणि त्यांना पैलूही पाडते. ते खडे सोन्याच्या कोंदणात बसवायचं काम माझं. माझ्या घरी शेती आहे, भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत. हे काम सोडलं तरी मी उपाशी मरणार नाही. पण मावशीनं घडवलेला नीलम हातात आला की मला माझा हेवा वाटायचा, आता काय सांगायचं!

तिची बसायची जागा उत्तरेच्या खिडकीशी. तिथं ऊन कधी थेट येत नाही, म्हणून रंग खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. कच्चा खडा आधी पाण्यात बुडवायची, म्हणजे आतलं दिसतं. मग आडवा, उभा, तिरका फिरवून रंग कुठं दडलाय ते शोधायची. नीलमात रंग सगळीकडं सारखा नसतो. पुष्कळदा एका कोपऱ्यात निळा ठिपका आणि बाकी सगळं पाणी. तो ठिपका ती अशा बेतानं तळाच्या टोकाशी ठेवायची, की वरून पाहणाऱ्याला सगळा खडा निळाशार दिसावा. मग खडा लाखेनं काडीवर चिकटवायचा आणि हिऱ्याची पूड लावलेल्या चाकावर एकेक पैलू घासायचा. घाई केली की ठिपका उडतो, मग उरते नुसती काच. मावशीचा ठिपका कधी उडाला नाही.

आमचे मालक अण्णासाहेब गिऱ्हाइकाला फुशारकीनं सांगायचे, "आमच्या अनुसयाबाईंनी निवडलंय, तुम्ही बघूसुद्धा नका." आणि खरंच कोणी बघत नसे. मीही नाही.

विहारातून निघताना मावशीची सून नम्रता मला दारात भेटली. ही हिंजवडीच्या कंपनीत आहे, चार लोकांत बोलणारी, वागणारी पोर. तिच्या कानात मावशीनंच घडवलेले नीलमचे टॉप्स होते. गेल्या वर्षी लग्नात सासूनं सुनेला घातलेले, कोंदण माझं. मी तिला बाजूला घेऊन साडीचं विचारलं.

"गेल्या वर्षापासून आई अशीच नीळ टाकतायत, कैलासदादा," ती म्हणाली. "साड्या पिवळ्या पडल्यात म्हणतात. आम्हाला वाटलं, मुद्दाम करत असतील. निळा म्हणजे आपल्या झेंड्याचा रंग. वस्तीतल्या बायकांनी तर कौतुक केलं, दोघींनी स्वतःच्या साड्यापण तशाच केल्या."

मी गाडीला किक मारली. माझ्या टेबलावर एक हार अर्धवट होता. लग्नाची ऑर्डर. मधोमध मोठा नीलम, दोन्ही बाजूंना उतरत्या आकाराचे, सगळे एका रंगाचे. सगळे मावशीनं निवडलेले!

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोचलो. एरवी मी दिव्याखाली काम करतो, एका वेळी एकच खडा समोर. त्या दिवशी हाराचे सगळे खडे उचलून उत्तरेच्या खिडकीशी पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडले. काही निळे होते. काही चक्क हिरवट. एक तर राखी. आंधळ्यालाही कळावं इतका फरक, आणि हे सगळे मी स्वतःच्या बोटांनी धरले होते.

मावशी आली. मी सरळ सांगितलं, मला आडवळणानं बोलता येत नाही. ती अशी भडकली की विचारू नका.

"माज्या नजरंवर शक घेतुयास? तू? तुला कोंदण धरायला कुणी शिकवलं रं?"

"तुमीच."

"मंग गप बस."

मी गप बसलो नाही. चहाचे दोन पांढरे कप धुतले, दोन्हींत पाणी घातलं, एकात कारखान्यातल्या फडक्यांसाठी ठेवलेल्या निळीचे थेंब टाकले आणि तिच्यापुढं ठेवले. "सांगा, नीळ कंच्यात हाय?"

तिनं कप खिडकीकडं सरकवले. उचलले, हलवले, जसा कच्चा खडा बघायची तसे आडवे, तिरके करून पाहिले. अण्णासाहेब दारात येऊन उभे राहिले होते. माझ्या डोळ्यांसमोर एक कप आभाळासारखा निळा होता.

"कंच्यातच न्हाई," ती म्हणाली.

तिनं आमची तोंडं पाहिली आणि तिला कळलं. कप तिनं इतक्या हळू खाली ठेवले की आवाज आला नाही. मग खुर्चीवरून उठली, डबा उचलला आणि घरी निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती काम अर्धवट टाकून गेली. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग हळूहळू आत यायचा थांबतो; इतकं हळूहळू की माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. म्हणून साड्या पिवळ्या दिसत होत्या आणि म्हणून नीळ वाढत चालली होती. हाराची ऑर्डर अण्णासाहेबांनी पुढं ढकलली. मावशीला एकच घोर लागला होता, नजर परत येते का. घास गिळत नव्हती. "नजर गेली तर मी कोण रं?" असं तिनं मला विचारलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी घोटावड्याला गेलो तर ती ओट्यावर बसून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. दोरीवर वाळत घातलेल्या त्याच निळ्या साडीकडं बघून स्वतःशीच म्हणाली, "अगं बया! ही नेसून मी विहारात बसले हुते?" आणि खो खो हसत सुटली. नजर आली होती! मीही हसलो. इतक्या दिवसांनी जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नम्रता चहा घेऊन आली आणि वाकली.

मावशीचं हसू थांबलं. तिनं सुनेची हनुवटी धरून तोंड एकदा इकडं केलं, एकदा तिकडं. मीही पाहिलं. एका कानात निळा, दुसऱ्या कानात हिरवट. मीच बसवले होते की दोन्ही!

"तुला दिसलं न्हाई कदी?" मावशीनं विचारलं.

"दिसलं होतं, आई. लग्नाच्या दिवशीच."

"मंग बोलली का न्हाईस?"

नम्रतानं चहा ओट्यावर ठेवला. "तुम्ही रंग ओळखणाऱ्या. मला वाटलं, मलाच कळत नसेल. असेच असतात, असं समजले."

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. कपांच्या वेळीसुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता. "माज्यापायी तू तुज्या डोळ्यांला खोटं पाडलंस?" ती म्हणाली. "आनि ती वस्तीतली बायामाणसं? आनि हा कैलास?"

मी खिशातला पांढरा रुमाल काढून ओट्यावर पसरला.

तिनं सुनेच्या कानातले दोन्ही टॉप्स काढले, पांढऱ्या रुमालावर शेजारी शेजारी ठेवले आणि रुमाल तिच्यापुढं सरकवला. "आता सांग. मी सासू न्हाई, काय न्हाई. कंचा येगळा हाय?"

नम्रतानं क्षणभरही विचार केला नाही. तिचं बोट सरळ हिरवट खड्यावर गेलं.

"बघ कैलास," मावशी म्हणाली, "हिला पयल्या दिवसापास्नं दिसतंय."