सुटलेला टाका

आमच्या रिपेरिंगच्या दुकानात तापलेल्या कथिलाचा वास आला की दिराचं ते गिटारचा आवाज बदलणारं पेडल आठवतं. ते बंद पडलं तेव्हा तो सगळ्यांसमोर हसला, "दादा, वहिनीले हात लावू देऊ नको. चौथी पास बाईले डिजिटल काय समजते?"

यांना बिघाड सापडेना. वायर हलली की दिवा लुकलुकत होता, म्हणजे आतला कथिलाचा टाका सुटला होता. मला दिसलं, पण मी गप्प बसले. दवनीवाड्याच्या लग्नात तो पेडलशिवाय वाजवायला बसला, तर लोक ओरडले, "अबे, डबा काऊन वाजवून राहिला?"

दुसऱ्या दिवशी मी एक थेंब कथील सोडलं आणि दिवा लागला.

"वहिनी, आधी काऊन नाही सांगितलं?"

"लाजली असन," हे म्हणाले.

तेव्हा मलाही तसंच वाटलं. आता कळतं, तो सूड होता, आणि अजून मन भरलेलं नाही.